लाल पावलांची सभा

लिफ्ट काही हलेना. हिंदुराव इंगवले आत उभे होते, एका हातात काठी, डोक्यावर कडक इस्त्रीची टोपी, आणि लिफ्टमधली बाई मधाळ आवाजात तेच ते पुन्हा सांगत होती, "आपलं पाऊल लाल आहे. कृपया हिरवा सोबती घ्यावा."

"अगं बये, मी खाली पेपर आणायला चाललोय, मोहिमेवर नाही," हिंदुराव म्हणाले.

बाई कसली ऐकते! ती यंत्राची बाई. दार सताड उघडं, आणि बाहेर शाळेला निघालेली पोरं पाठीला दप्तरं अडकवून ताटकळत उभी. शेवटी त्यातलं एक धीटुकलं बोललंच, "आजोबा, तुम्ही उतरा ना. आमची बस जाईल." हिंदुराव उतरले. दार मिटलं, लिफ्ट लगेच सुरळीत खाली गेली. ते घरात आले, टोपी खुंटीला लावली आणि पलंगावर भिंतीकडे तोंड करून आडवे झाले.

शालनताई स्वयंपाकघरातून हे सगळं ऐकत होत्या. खोटं कशाला बोलायचं, पहिल्यांदा त्यांना हायसंच वाटलं. नवरा घरात आहे म्हणजे रस्त्यात कुठं पडणार नाही, एवढंच त्यांच्या मनात आलं. अर्धांगाचा झटका येऊन गेल्यापासून त्यांचं अर्धं लक्ष फोडणीत आणि अर्धं नवऱ्याच्या पावलांकडं असायचं. जन्मभर मुलींच्या शाळेत पी.टी. शिकवलेली बाई, मैदानावर तिच्या शिट्टीला पाखरंसुद्धा दचकायची, आणि आता घरात काठी जरा सरकल्याचा आवाज आला तरी ती हातातलं टाकून धावायची.

आता ही लिफ्टमधली बाई कुठून आली ते सांगायला हवं.

कराडकरांना जमीन हलण्याचं नवल नाही. कोयनेकडनं धक्का आला की मांडणीतली भांडी वाजतात, माणसं दारात येतात, "मोठा होता का हो?" असं एकमेकांना विचारतात आणि पुन्हा अंथरुणात शिरतात. पण गावात अठरा-अठरा मजली इमारती उभ्या राहिल्या तेव्हा हे चालण्यासारखं नव्हतं. म्हणून नवा नियम आला. प्रत्येक उंच इमारतीच्या प्रत्येक मजल्यात, फरशीखाली, काचेचा धागा अंथरायचा. केसासारखा बारीक धागा, एका टोकाला लेसर. सेकंदाला हजारो वेळा त्यातून प्रकाशाची ठिणगी सोडायची. काच कितीही शुद्ध असली तरी तिच्यात बारीक खोट असतेच, आणि प्रत्येक खोटीवरून थोडा प्रकाश मागं फिरतो. धागा स्थिर असेल तर परतणारा प्रकाश दर वेळी सारखाच. पण फरशी नावापुरती जरी वाकली तरी धागा ताणला जातो आणि परतीच्या लहरी जराशा सरकतात. प्रकाश किती वेळानं परतला यावरून जागा कळते, लहर किती सरकली यावरून हिसका कळतो. भिंतीत तडा जाण्याआधी इमारत स्वतःच सांगते, की मला इथं दुखतंय. चांगली गोष्ट होती. संगम विहार सोसायटीत धागा आला तेव्हा शालनताईंनी कामगारांना ताक करून पाजलं होतं.

पुढं कुणाच्या तरी लक्षात आलं की या धाग्याला भूकंपच काय, चालणारा माणूससुद्धा कळतो. टाच आधी टेकते की चवडा, डाव्या-उजव्या पावलात किती फरक, दोन पावलांमधला वेळ सारखा की कमीजास्त. प्रत्येकाची चाल वेगळी, सहीसारखी. आणि चाल बिघडायला लागली की माणूस पडण्याच्या बऱ्याच आधी ते आकड्यांत दिसतं. चाल नीट असेल तर हिरवं पाऊल, जरा डळमळीत तर पिवळं, आणि केव्हाही पडेल अशी तर लाल. सोसायटीच्या चेअरमननं, अभिजित शेजवळनं, ही सोय विकत घेतली. चाळिशीतला, हसतमुख, कायम हातात टॅब असलेला हा गडी. आदल्या वर्षी पार्किंगमध्ये एक आजी पडल्या होत्या, विमावाले कटकट करत होते, तेव्हा त्याचा हेतू काही वाईट नव्हता. फक्त त्याला पडद्यावर सगळं हिरवंगार बघायची आवड जडली, आणि तिथंच सगळं बिनसलं.

नियम झाला, की लाल पावलाच्या माणसानं सज्ञान हिरव्या सोबत्याशिवाय घराबाहेर पडायचं नाही. एकट्यासाठी लिफ्ट हलणार नाही, जिन्यावर भोंगा वाजेल, फाटक उघडणार नाही.

असला नियम मंजूर कसा झाला, म्हणाल? जसे सगळ्या सोसायट्यांत होतात तसाच. वार्षिक सभेला लोक नटूनथटून येतात, हजेरीवर सही ठोकतात, बटाटेवडा-पेढ्याचं पाकीट उचलतात आणि मालिका चुकू नये म्हणून घरी पळतात. मग रिकाम्या खुर्च्यांसमोर शेवटचा विषय येतो, 'अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळचे विषय'. हा नियम तिथूनच आत घुसला. शालनताईंनीही त्या दिवशी सही केली होती आणि दोन पाकिटं घरी आणली होती. वडा चांगला होता, असं दोघं नवराबायको म्हणालीसुद्धा.

लिफ्टमधून परत आलेले हिंदुराव दुसऱ्या दिवशी उठलेच नाहीत. म्हणजे जागे होते, पण पाय खाली टाकेनात. व्यायामाची वेळ झाली तर म्हणाले, "कशाला? चालून जायचंय कुठं? बाथरूमपर्यंतच ना, तेवढं येतं मला." असेच दिवस गेले. फिजिओथेरपीची पोरगी तपासून गेली आणि जाताना दारात हळू आवाजात बोलली, "आजी, हे असंच पडून राहिले तर पाय जाईल. मग परत नाही यायचा."

शालनताई आत आल्या, पलंगाजवळ खुर्ची ओढून बसल्या. "उठा बघू. घरातल्या घरात चालू. मी आहे ना सोबत."

"तू आहेस, ती बाई आहे, शेजवळचा पडदा आहे. सगळी आहेत सोबतीला." हिंदुराव भिंतीलाच बोलत होते. "मला एकट्यानं चालायचंय गं."

"आणि पडलात म्हणजे?"

"पडलो तर पडलो!" ते झटकन वळले. "तीस वर्षं मैदानावर पोरी पळवल्यास. कितीजणींचे गुडघे फुटले. त्यांना कधी म्हणालीस का, पडशील, वर्गात बस म्हणून?"

त्या पोरींना आपण काय म्हणायचो ते शालनताईंना पक्कं ठाऊक होतं. 'ऊठ, माती झटक, पळ.' रडणाऱ्या पोरीला त्यांनी कधी उचलून घेतलं नव्हतं, आणि त्या पोरी आजही रस्त्यात भेटल्या की वाकून नमस्कार करत. मग स्वतःच्या नवऱ्याच्या बाबतीत आपण अशा भेकड कशा झालो? त्यांना स्वतःचीच चीड आली. त्यांनी पदर खोचला आणि थेट चेअरमनचं ऑफिस गाठलं.

"या काकू, बसा," शेजवळ म्हणाला. "काकांसाठी आलात ना? अहो, तुमच्याच काळजीपोटी आहे सगळं."

"काळजी करायला मी समर्थ आहे, बाबा. नियम काढून टाक."

"मी कोण काढणारा? सर्वसाधारण सभेत मंजूर झालाय. तुमची हजेरी आहे सभेला." तो गोड हसला. "आणि हो, पुढच्या महिन्यापासून पिवळ्या पावलांनासुद्धा अंधार पडल्यावर सोबती लागेल. सुरक्षेच्या बाबतीत तडजोड नाही."

"म्हणजे उद्या आम्हाला शिंकायलाही सोबती देशील."

"काकू, यंत्र खोटं बोलत नाही हो."

"यंत्राला कोण नावं ठेवतंय? मी तुझ्याबद्दल बोलतेय," असं म्हणून त्या तरातरा बाहेर पडल्या.

बाहेर पडल्या त्या सरळ सहाव्या मजल्यावर गेल्या. तिथं रेश्मा मुल्ला राहायची. शाळेतली त्यांची खो-खोची कप्तान, आता इंजिनिअर, पुलांमध्ये असेच काचेचे धागे बसवायचं काम करायची. सातवा महिना लागला होता. पोटाच्या भारानं चाल बदललेली, त्यामुळं तिचं पाऊल पिवळं झालं होतं.

"बाई, पुढच्या महिन्यापासून सात वाजल्यानंतर मला गच्चीवर जायलाही नवरा लागणार," रेश्मा म्हणाली. "आणि नवरा येतो नऊला. माझं डोकं नुसतं भणभणलंय."

"कायदा काय म्हणतो ते मी वाचलंय," शालनताई म्हणाल्या. "एक पंचमांश सभासदांनी लेखी मागणी केली की विशेष सभा बोलवावीच लागते. तेवढ्या सह्या मी आणते. पण त्या सभेला कोरम नसला तर सभाच रद्द होते. आणि ज्यांना बोलायचंय ती लाल माणसं घरातच अडकलेली. मुखत्यार चालत नाही, ज्यानं त्यानं स्वतःच यायचं."

रेश्मा विचारात पडली. मग एकदम हसायलाच लागली, इतकी की पोटाला हात लावून बसली. "बाई, नियमात काय आहे? लाल माणसाला हिरवा सोबती. बरोबर? आणि सगळेच लाल झाले तर?"

"म्हणजे गं?"

"यंत्राला फक्त चाल कळते. का लंगडताय ते कळत नाही. गेल्या तीन-चार दिवसांची सरासरी काढून ते रंग ठरवतं. टाचेखाली काहीतरी टोचणारं ठेवा, माणूस आपोआप त्या पायावर भार द्यायचं टाळतो. डावं-उजवं बिघडलं की रंग बदललाच."

"चिंचोके आहेत माझ्याकडं डबाभर," शालनताई म्हणाल्या.

मग काय विचारता! शालनताई अंगात वारं शिरल्यागत दारोदार फिरल्या. वर्षानुवर्षं लिफ्टमध्ये नुसती मान हलवणारी माणसं, पण प्रत्येकाच्या पोटात काही ना काही खदखदत होतं. एकाच्या पोराला पाय मोडल्यावर महिनाभर खेळायला सोडलं नव्हतं. एका बाईला जावयासमोर भोंगा वाजवून अडवलं होतं. सह्या बघता बघता झाल्या. शेजवळनं सभा लावली बुधवारी सकाळी अकराला, म्हणजे नोकरदार येणारच नाहीत असा हिशोब. लोकांनी रजा टाकल्या. आणि आदल्या शनिवारपासून संगम विहारात जो तो उजव्या चपलेत चिंचोका घालून फिरायला लागला. पोरांना तर उधाण आलं. शालनताई गच्चीवर रीतसर वर्ग घ्यायच्या. "अहो वेल्हाळ, नाटक नको! चिंचोक्यावर विश्वास ठेवा, पाय आपोआप उचलतो! रेश्मा, तू नाही हं, तू बस." मंगळवारी संध्याकाळपर्यंत शेजवळचा पडदा कुंकवासारखा लाल झाला. कमिटीचे पाचजण तेवढे हिरवे उरले. त्यानं यंत्रवाल्यांना फोन केला. ते म्हणाले, यंत्र उत्तम चालू आहे.

बुधवारी सकाळी साडेदहाला शेजवळचा फोन खणखणायला लागला, पलीकडं वॉचमन तानाजी.

"चेअरमनसाहेब, बी विंग, सहावा मजला. चार लाल उभे आहेत. हिरवा पाठवा म्हणतात."

"त्यांना सांग, या तसेच."

"लिफ्ट हलत नाही ना साहेब. आणि जिन्यानं आले तर मी थांबवायचं, असं तुम्हीच लिहून लावलंय. ए विंग बाराव्यालाही सात लाल आहेत. एक काका म्हणतात, मतदानापासून अडवलं तर निबंधकाकडं तक्रार करणार."

तक्रारीचं नाव निघताच शेजवळनं कमिटीला कामाला लावलं. कमिटीचे पाचजण धावले. एका खेपेला एकानं एकच लाल माणूस आणायचा, हासुद्धा त्यांचाच नियम. वर जायचं, हात धरून खाली आणायचं, क्लबहाउसमध्ये बसवायचं, पुन्हा वर. लिफ्टसमोर रांगा. लोक अगदी सभ्यपणे उभे होते. "घाई नाही हो, साहेब. सुरक्षेच्या बाबतीत तडजोड नको," असं एकीनं म्हटलं आणि मागून खसखस पिकली. खजिनदार तिसऱ्या खेपेलाच पायरीवर बसले आणि म्हणाले, मला काय करायचं ते करा. शेवटी शेजवळनं स्वतःच्या हातानं लिफ्टचं बंधन दिवसापुरतं काढलं. वरच्या मजल्यांवर एकच जल्लोष झाला, आणि दहा मिनिटांत क्लबहाउस असं भरलं की बाहेरून खुर्च्या आणाव्या लागल्या. सोसायटीच्या इतिहासात पहिल्यांदाच सही करून कुणी घरी गेलं नव्हतं.

हिंदुराव शेवटच्या रांगेत होते. चार दिवस चिंचोक्यांची धमाल बघून ते पलंगावरनं उठले होते. त्यांना चिंचोक्याची गरज नव्हती. "माझा रंग अस्सल आहे," असं ते सगळ्यांना सांगत होते.

भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर हॉलमधलं प्रत्येक पाऊल ठिपका होऊन दिसत होतं. शेजवळ दमला होता, पण माघार घेणाऱ्यातला नव्हता. "हा पोरखेळ झाला," तो माइकवर म्हणाला. "चिंचोके काढले की तुम्ही सगळे हिरवे व्हाल. पण जे खरोखर लाल आहेत त्यांचं काय? ते पडले तर जबाबदार कोण? ह्याचं उत्तर द्या आणि मग ठराव मांडा."

प्रश्न खराच होता. शालनताई उठल्या. "ठराव असा," त्यांनी वाचलं. "भूकंपासाठी धागा राहील. पावलाचा रंग ज्याचा त्याला दिसेल, आणि तो ज्याला सांगेल त्यालाच. रंगावरून कुणाचीही लिफ्ट, दार किंवा फाटक अडवलं जाणार नाही."

"अनुमोदक कोण?" शेजवळनं विचारलं.

"मी," मागून आवाज आला. हिंदुराव उभे राहिले होते. "येतो तिकडं. माइकवर बोलतो."

शालनताईंनी मधलं अंतर डोळ्यांनी मोजलं. केवढा लांब हॉल, मध्ये खुर्च्यांची गर्दी, खाली गुळगुळीत फरशी. हे ठरलं नव्हतं, जागेवरून हात वर करायचं ठरलं होतं. पडद्यावर एक लाल ठिपका सुटा होऊन पुढं सरकायला लागला. काठी, डावा पाय, मग ओढत आणलेला उजवा. अर्ध्यावर आले, आणखी थोडे पुढं आले, आणि काठीचं टोक कुणाच्या तरी पिशवीच्या बंदात अडकलं. हिंदुराव धाडकन पडले.

एकदम आरडाओरडा झाला. लोक उठले. पडद्यावरचा ठिपका भराभर उघडझाप करत होता, भोंगा वाजायला लागला. "बघा!" शेजवळ ओरडला, आणि त्याच्या आवाजात आनंद नव्हता, भीती होती. "मी सांगत नव्हतो? यंत्र बरोबर होतं!"

शालनताई धावणारच होत्या. दोन पावलं टाकलीसुद्धा. तेवढ्यात हिंदुरावांनी जमिनीवरूनच हात वर केला, कबड्डीचा पंच करतो तसा, आणि सगळ्यांना जागच्या जागी थांबवलं.

"भोंगा बंद कर, तानाजी," ते म्हणाले. तानाजीनं चेअरमनला न विचारता बंद केला. "यंत्र बरोबरच आहे, शेजवळ. मी पडणार होतो, पडलो. उद्याही पडेन. पण माझ्या पडण्यावर मालकी तुझी कशी काय?"

हिंदुराव चांगल्या कुशीवर वळले. कोपर टेकलं, मग हात, मग एक गुडघा. शेजारची खुर्ची त्यांनी पकडली, ती सरकली, आणि रेश्मानं ती नुसती पायानं धरून ठेवली, त्यांना हात लावला नाही. फार वेळ लागला. शालनताईंनी तोंडावर पदर दाबून धरला होता. त्यांना धावावंसं वाटत होतं, ओरडावंसं वाटत होतं, त्या माणसाला कुशीत घेऊन घरी न्यावंसं वाटत होतं. त्या जागच्या हलल्या नाहीत. उभ्या आयुष्यात इतकं अवघड काम त्यांनी केलं नव्हतं.

हिंदुराव उभे राहिले. टोपी सरळ केली, कपड्यांवरची धूळ झटकली, काठी सावरली आणि राहिलेलं अंतर चालून माइकपाशी आले. धाप लागली होती, कोपर सोलवटलं होतं.

"अनुमोदन," ते म्हणाले.

"ठरावाच्या बाजूनं?" शेजवळनं विचारलं. त्याचा आवाज पार उतरला होता. सगळ्या हॉलभर हात वर गेले. पहिल्या रांगेत त्याच्या बायकोचा, अजून दम खाणाऱ्या खजिनदारांचा, दारात उभ्या तानाजीचासुद्धा, ज्याला मताचा अधिकारच नव्हता. शेजवळनं मोजायला बोट उचललं आणि तसंच खाली घेतलं. त्यानं टॅबवर काहीतरी दाबलं. भिंतीवरचा पडदा काळा झाला.

"ठराव मंजूर," तो म्हणाला.

असा गलका उठला की बाहेरच्या झाडावरच्या साळुंक्या उडाल्या. लोकांनी चपलांतून चिंचोके काढून हवेत उडवले. शालनताईंनी पदर तोंडावरून काढला. आजवर चारचौघांत नवऱ्याला 'अहो'शिवाय हाक न मारलेली ती बाई, पण त्या क्षणी तिचं तिला भान राहिलं नाही. मैदानावरच्या त्या जुन्या, खणखणीत आवाजात ती हॉलच्या या टोकावरून ओरडली, "शाब्बास, इंगवले!"

हिंदुरावांनी माइक सोडला, टाच टाचेला जुळवायचा प्रयत्न केला, ती अर्धीच जुळली.

"हजर, बाई," ते म्हणाले, आणि परत आपल्या खुर्चीकडं एकटेच चालायला लागले.